गच्चीवरची पंगत

सकाळी आठ वाजता दादासाहेब पौडच्या वाटेवर असायला हवे होते. रविवारची सगळी आखणी त्यावरच बेतलेली होती. त्याऐवजी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात मटणाची पिशवी, आणि त्यांच्या मागे त्यांचा दोस्त कुशाबा, त्याच्या हातात दुसरी.

“पाच किलो हाय,” दादासाहेब म्हणाले. “पिरंगुटावरनं आणलंय. डोळ्यासमोर कापून घेतलं.”

अनसूयाबाई ओट्याशी बेसन चाळत होत्या. चाळण हातातच राहिली.

“अवो, तुमी लग्नाला चालला व्हता न्हवं?”

“चाललो व्हतो की. पर काल सौरभ बोलता बोलता म्हणला, आईच्या मैत्रिणी जेवायला यायच्यात. म्हणलं, घरात पैल्यांदा पाव्हण्या येणार आन् घरधनी दुसऱ्याच्या मांडवात अक्षता टाकत बसणार? शोभतं का हे? पौडला फोन करून नाय म्हणून सांगितलं.” त्यांचं लक्ष बेसनाकडे गेलं. “हे काय? मासवड्या? उपास हाय का कुणाचा?”

“आवडत्यात बायकांना.”

“आवडूंदे. ढमाल्यांच्या घरातनं पाव्हणं रस्सा न खाता गेलंय का आजवर? आज मी करणार. मी आन् कुशाबा, गच्चीवर. तू कशाला हात लावू नगंस.”

दादासाहेबांचा हाच मोठा दोष होता, की ते वाईट माणूस नव्हते. वाईट नवऱ्याशी भांडता येतं, त्याच्याविरुद्ध सुना-जावांना फितवता येतं. हा गृहस्थ बायकोच्या मैत्रिणींसाठी हातचं लग्न सोडून, थंडीत मोटारसायकल दामटून मटण घेऊन आला होता. त्याला काय म्हणणार? अनसूयाबाईंनी बेसनाच्या डब्याला झाकण लावलं आणि “बरं” म्हणाल्या.

त्या मैत्रिणी म्हणजे शाळेच्या बसच्या थांब्यावरची कमाई. मागच्या जूनमध्ये नात किमया पहिलीत गेली आणि तिला सोडायला-आणायला अनसूयाबाई रोज फाटकापाशी उभ्या राहू लागल्या. तिथेच नातवंडांची दप्तरं सांभाळत आणखी तिघी उभ्या असत. यवतमाळच्या कल्पनाताई, चोपड्याच्या प्रमिलाताई, लातूरकडच्या विमलमावशी. तिघींची मुलं आयटी पार्कात, ढमाल्यांच्या किंवा शेजारच्या इमारतीत भाड्यानं राहणारी. नातवंडं सांभाळायला आलेल्या या बायकांना माण गावात कुत्रं ओळखत नव्हतं, आणि अनसूयाबाईंना माणमध्ये सगळे ओळखत होते ते दादासाहेबांची मंडळी म्हणून. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या मैत्रिणी मिळाल्या.

दिवाळीच्या आधी कल्पनाताईंनी जेवायला बोलावलं आणि तिथे नियम ठरला. ज्या घरी जेवण, त्या घरच्या बाईनं उठायचं नाही. चौघींच्या ओळीत बसायचं आणि पोटभर जेवायचं. वाढायचं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. कल्पनाताईंकडे त्यांच्या साहिलनं वाढलं, प्रमिलाताईंकडे जावयानं, विमलमावशींकडे तर म्हाताऱ्या मावसोबांनी थरथरत्या हातानं गरम पोळ्या आणून टाकल्या. चौथं घर ढमाल्यांचं. आणि अनसूयाबाई दोन महिने आज हे, उद्या ते, अशा सबबी सांगत होत्या.

कारण ढमाल्यांच्या घरात पाहुणे बसले की अनसूयाबाई उभ्या राहत. कुणी तसं सांगितलं नव्हतं. दादासाहेब घरात असले, पाहुण्यांची ताटं मांडली, की पाय आपोआप उभे राहायचे आणि हात पळीकडे जायचा. छत्तीस वर्षांची सवय अशी एका दिवसात मोडते होय? म्हणून दादासाहेब पौडला जातील तो रविवार त्यांनी धरला होता. सौरभ वाढणार, सून मृण्मयी मासवड्या करणार, आणि आपण बसणार. परवा थांब्यावर त्यांनी तिघींना शब्दही दिला होता, “बसते. अगदी शेवटपत्तोर बसते.”

आणि आता घरधनी घरात होता.

---

मृण्मयीनं आधी नवऱ्याला गाठलं.

“तोंडात तीळ भिजत नाही तुझ्या. एक गोष्ट लपवून ठेवायची होती.”

“अगं, दादांनी विचारलं उद्या काय बेत, मी सांगितलं. त्यात लपवायचं काय?” सौरभ दाढी अर्धी सोडून बाहेर आला होता. “उलट बरंच झालं. दादाच सगळं करतायत.”

“करतायत ना. आणि आई उभ्या राहणार. दादांच्या समोर तू आईंना वाढशील?”

सौरभनं विचार केला. आयटी पार्काच्या फेज तीनमध्ये तो चाळीस माणसांच्या टीमला कामाला लावत असे, पण वडिलांच्या देखत आईच्या पानात भाकरी वाढायची म्हटल्यावर तो एकदम आठवीतला झाला. “दादा हसतील,” तो म्हणाला.

“हसू देत.”

“तू सदाशिव पेठेतली. तुला नाही कळायचं.”

हे वाक्य मृण्मयीनं लग्नाच्या सात वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की आता तिला त्याचा रागही येत नसे. तिला राग यायचा तो वेगळ्या गोष्टीचा, आणि ती गोष्ट ती नवऱ्याला सांगू शकत नव्हती. सासूबाई मटण खात नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी दादासाहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून त्या नवस बोलल्या होत्या, की धनी चालत घरी आले तर मटण सोडीन. धनी चालत घरी आले. बाईंनी मटण सोडलं. ज्याच्यासाठी सोडलं तो मात्र एक रविवार चुकवत नव्हता. दर रविवारी सासूबाई रस्सा करायच्या, मीठ बघायला वाटी मृण्मयीच्या हातात द्यायच्या आणि सगळ्यांचं झालं की एकट्या बसून चटणी-भाकरी खायच्या. सांगून टाका म्हटलं तर म्हणायच्या, “सांगून त्येंचा घास कशाला कडू करायचा?”

आजही तेच. “आई, तुमच्यापुरत्या मासवड्या करते,” असं ती म्हणाली तर उत्तर आलं, “एकीसाठी कशाला दुसरा घाट? भाकरी, ठेचा आन् दही. लई झालं.”

मृण्मयी पहिल्या मजल्यावर गेली. वाटण्या झाल्यापासून तुळजाबाईंची चूल तिथे होती. अनसूयाबाईंच्या थोरल्या जाऊबाई, वय सत्तरीच्या पुढे, आणि ढमाल्यांच्या घरात काय शोभतं नि काय नाही याचा शेवटचा शब्द. त्या खिडकीशी लसूण सोलत बसल्या होत्या.

“आली का. मला वास आला, मटान आलंय म्हणून. आवतण मात्र न्हाई आलं.”

“तेच द्यायला आलेय, आक्का.”

“कुणाच्या हातचं आवतण? तुज्या सासूला मैत्रिणी घावल्या, आता जाऊ कशाला लागतीया?” तुळजाबाईंनी एक पाकळी जरा जोरातच सोलली. “आन् ऐकलंय मी समदं. पाव्हण्यांच्या ओळीत घरची बाई बसणार म्हणं. असलं कदी बगितलं न्हवतं बाई. मी बावन वर्सं या घरात हाय, एकदा तरी बसले का वळीत?”

“नाही ना बसलात,” मृण्मयी म्हणाली. “म्हणून तर आले. चार पानं मांडणार होतो. पाचवं तुमचं.”

लसूण सोलायचा थांबला.

“माजं?”

“पहिलं पान तुमचं. मोठ्या तुम्ही.”

“आन् वाढणार कोण?”

“तेच तर कोडं आहे. दादा घरी आहेत. दादांच्या समोर सौरभचा हात उचलत नाही आणि आईंचे पाय बसत नाहीत.”

तुळजाबाईंनी सोललेल्या पाकळ्या बाजूला सारल्या. बावन्न वर्षं काय शोभतं ते सांभाळणारी बाई आतल्या आत काहीतरी जुळवत होती. मग त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की मृण्मयीला त्या तरुणपणी कशा दिसत असतील ते कळलं.

“टेबलावर बसवणार हायेस का त्यांस्नी?”

“हो, खाली, डायनिंग टेबलवर.”

“तितंच चुकलीस. पोरी, टेबलावर वाढती ती घरची बाई. जत्रंच्या पंगतीत कोण वाढतं? बादली घिऊन कोण पळतं?”

“पुरुष,” मृण्मयी म्हणाली, आणि मग तिला ते दिसलं.

“माजा दीर जत्रंत पाचशे पानं वाढतोय. घरात पाण्याचा तांब्या उचलत न्हाई त्यो येगळा. चल, मला जिना चढू लाग.”

---

गच्चीवर कांद्याचा डोंगर झाला होता. सौरभ तो चिरत होता आणि रडत होता.

दादासाहेबांनी गॅसची भट्टी मांडली होती, तिच्यावर देवळातून आणलेलं पातेलं. पाण्याच्या टाक्या, सोलरचे तिरपे पाट, भाडेकरूंचे वाळत घातलेले शर्ट, आणि त्यांच्या पलीकडे आयटी पार्काच्या काचा जानेवारीच्या उन्हात लखलखत होत्या. दादासाहेबांनी बाह्या सारल्या होत्या. ते खुशीत होते. चूल, पातेलं, दोस्त आणि खाणारी माणसं, याहून जास्त त्यांना आयुष्यात कधी काही लागलं नव्हतं.

“तेल किती वतू?” कुशाबानं विचारलं.

“शंबर पानाला अडीच किलो.”

“दादा, हितं आठ-धा पानं हायेत.”

“मग... तू हिशेब कर की.”

कुशाबानं आकाशाकडे बघून हिशेब केला. तीस वर्षं दोघं जत्रेचा रस्सा करत होते आणि दोघांनाही शंभराच्या खालचं माप माहीत नव्हतं. एका बोकडाला मिरची किती, ते झोपेत सांगतील. पाच किलोला किती, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“अंदाजानं वत,” दादासाहेब म्हणाले. “आन् चुकलंच तर भाडेकरी पोरांस्नी बोलवू. ती शिजलेलं काय पण खात्यात.”

वाटण परतलं, मटण पडलं, आणि खमंग वास जिन्यावरून खाली उतरत तिन्ही मजल्यांवर गेला. दोन भाडेकरू उगाचच कपडे काढायला वर येऊन गेले. तेवढ्यात तुळजाबाई मृण्मयीच्या आधारानं गच्चीवर उगवल्या.

“भावजी, जेवाण कुटं मांडताय?”

“खाली टेबलावर. का वं वयनी?”

“एवढा रस्सा रांधताय आन् टेबलावर? लोक काय म्हणतील? ढमाल्यांनी हाटेल काढलं का? पंगत घाला. हितंच गच्चीवर. सतरंजी, पत्रावळी.”

दादासाहेबांचे डोळे चमकले. “आरं, ही गोष्ट डोक्यात कशी आली न्हाई! सौरभ, जा, देवळातनं पत्रावळी आण. आन् बादली. आन् ओगराळं आण मोठं.”

“वाढायला कोण मग?” तुळजाबाईंनी विचारलं, कमालीच्या भोळेपणानं.

“कोण म्हंजे? मी हाय, कुशाबा हाय. सौरभ, तू भाकरी घे.”

सौरभनं बायकोकडे बघितलं. मृण्मयी पाण्याच्या टाकीकडे बघत होती. हसू दाबायला तिला दुसरं काही सापडलं नव्हतं.

---

एक वाजता पाहुण्या आल्या. ठेवणीतली लुगडी-पातळं, कल्पनाताईंनी तर गजरे आणले होते, चौघींना चार. खायचं मात्र कुणी काही आणलं नव्हतं.

“भूक तेवढी आणली जी,” कल्पनाताई म्हणाल्या. “सकाळपासून चहावर आहो.”

सतरंजीवर सहा पानं मांडली होती. पहिल्यावर तुळजाबाई बसल्या आणि बसल्या बसल्या पदर नीट करत राहिल्या. मग विमलमावशी, प्रमिलाताई, कल्पनाताई आणि आयत्या वेळी बसवलेली मृण्मयी. शेवटचं पान अनसूयाबाईंचं. त्या त्याच्यासमोर उभ्या होत्या.

“बसा की,” विमलमावशी म्हणाल्या.

“बसते. पाणी...”

“पाणी ठेवलंय,” सौरभ म्हणाला.

“मीठ...”

“मीठ वाढलंय, आई.”

आणखी काही आठवेना. दादासाहेब पातेल्यापाशी पाठमोरे बादली भरत होते. अनसूयाबाईंनी श्वास घेतला आणि बसल्या. जमीन जरा खालीच असल्यासारखी वाटली. या बाजूनं जग वेगळंच दिसत होतं. नवऱ्याचे पाय, पोराचे पाय, कुशाबाच्या फाटक्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा. कल्पनाताईंनी स्वतःच्या मांडीवर चापट मारली. “झालं न बाप्पा! एवढ्यासाठी दोन महिने?”

अनसूयाबाई हसल्या. खूप बरं वाटत होतं, आणि त्याचीच जराशी भीतीही वाटत होती.

पंगत म्हटल्यावर दादासाहेब बदलले. घरात हाका मारून पाणी मागणारा हा माणूस डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं घेऊन वाकत, सरकत, ओरडत निघाला. “रस्सा घ्या, रस्सा! वयनी, लाजायचं न्हाई. मावशी, लातूरचं नाव घालवू नगा. ताई, हे बघा, नळी हाय, खास तुमच्यासाटी काढली.” कुणी नको म्हटलं की जास्त, पुरे म्हटलं की त्याहून जास्त. अजून घास कुणी उचलला नव्हता. शेवटचं पान वाढून झाल्याशिवाय उचलायचा नसतो.

सौरभनं आईच्या पानात बाजरीची भाकरी वाढली, ठेचा, दही. एकदा चोरून दादांकडे बघितलं, पण वाढलं. दादा हसले नाहीत. त्यांनी पाहिलंही नाही. ते बादली घेऊन त्याच्या मागोमाग आले आणि शेवटच्या पानावर वाकले.

अनसूयाबाईंनी पानावर हात आडवा धरला.

“मला नगं.”

“आरं वा! घरचीच पाव्हणी लाजतीया.”

“अवो, खरंच नगं.”

“पंगतीत नगं म्हणायचं नसतं, सौरभची आई!” दादासाहेब म्हणाले आणि जत्रेत हजार वेळा केलं तेच त्यांनी केलं. आडव्या हातावरूनच ओगराळं उलटं केलं.

अनसूयाबाईंचा हात झटक्यात मागे गेला. रस्सा भाकरीवर, दह्यावर, ठेच्यावर पसरला. दह्यात मटणाचा एक तुकडा अर्धा बुडाला. पंगत हसली नाही. दादासाहेब हसत होते, ते एकटेच हसत राहिले.

“भाजलं का?”

“न्हाई.”

“मग तोंड का असं केलंस? पाच किलोतला एक तुकडा तर...”

“अहो दादासाहेब,” कल्पनाताई म्हणाल्या, “त्या मटण नाही खात न जी.”

“कोण?”

“अनसूयाताई. सहा वर्षं झाली. आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी वेगळी वांगी केली होती.”

“आमच्याकडे भरीत,” प्रमिलाताई हळूच म्हणाल्या.

दादासाहेबांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मग मुलाकडे. सौरभच्या तोंडावर त्यांच्याइतकंच आश्चर्य होतं. मग सुनेकडे. मृण्मयीनं मान खाली घातली.

“का?” त्यांनी विचारलं. बायकोला विचारलं, पण उत्तर ओळीच्या दुसऱ्या टोकावरून आलं.

“तुमच्या आपरेशनला नवस बोलली व्हती,” तुळजाबाई म्हणाल्या. “तुमी चालत घरी आला, हिनं मटान सोडलं. समद्या बायकांस्नी म्हाईत हाय, भावजी. तुमास्नी तेवढं न्हाई. तुमी कदी तिला जेवताना बगितलंय का?”

दादासाहेबांना आठवायचं होतं. हुशार माणूस, गावच्या सात पिढ्यांच्या सोयरिकी तोंडपाठ. त्यांनी मनात घर धुंडाळलं. भाकरी थापणारी अनसूया दिसली, वाढणारी दिसली, ताटं उचलणारी दिसली, पाहुण्यांना हात धुवायला पाणी घालणारी दिसली. घास तोंडात घालणारी कुठेच दिसली नाही. सहा वर्षांतले तीनशे रविवार आपण ‘आणखी वाढ’ म्हणत होतो आणि आपल्याच जिवासाठी सोडलेलं ती आपल्याला वाढत होती. त्यांना लाज वाटली. इतकी, की हातातली बादली कुठे ठेवावी ते कळेना. कुशाबानं ती काढून घेतली.

“जाऊं द्या,” अनसूयाबाई म्हणाल्या. “एवढं काय त्यात. मी पान बदलून आणते.” आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या उठू लागल्या.

“कुठं उठलालाव?” विमलमावशींनी पलीकडून आवाज दिला, आणि मृण्मयीनं पदर धरला. “आई, शब्द दिलाय तुम्ही.”

“अगं पर...”

“बस,” दादासाहेब म्हणाले. “बस तू. पंगत थांबंल. सौरभ, पान बदल आईचं. आन् खालनं बेसन आण, लसूण, मिरच्या, काय काय लागतं ते आण.”

“दादा, काय करताय?”

“पिठलं.”

“केलंय का कधी?”

“पाचशे पानांचा रस्सा करतो, पिठल्यात काय हाय?”

पिठल्यात बरंच काही होतं. ते पुढच्या वीस मिनिटांत गच्चीवर सगळ्यांना कळलं. उठायचं नाही, असा नियम होता, बोलायचं नाही असा कुणी केला नव्हता.

“लसूण ठेचून घाला, चिरून नव्हे,” प्रमिलाताई म्हणाल्या. “आणि शेंगदाण्याचं तेल.”

“पहिले पाणी उकळू द्या जी, मग बेसन पेरा वरतून.”

“पेरायचं कशाला? ताकात कालवून वतायचं. आमच्याकडं ताकातच करतेत.”

“कोथिंबीर शेवटी!”

“हळद घातली का, भावजी? हळद?”

दादासाहेबांनी पाणी उकळायला ठेवलं, मग ताक मागवलं, मग ताक परत पाठवलं. घाम पुसला. लसूण जळत आला तसा कुशाबा ओरडला आणि त्यानं स्वतःच पाणी ओतलं, त्याचा फसकन आवाज झाला आणि पाहुण्या खिदळल्या. समोरच्या पानांत मटण थंड होत होतं, तर्रीवर साय धरायला लागली होती, आणि भुकेल्या चौघी तिच्याकडे न बघता पिठल्यावरून भांडत होत्या. तुळजाबाईंनी तर सासूच्या हातचं पिठलं कसं भिंतीवर फेकलं तर चिकटेल असं असायचं ते साभिनय सांगितलं. बावन्न वर्षांत त्यांनी सासूची नक्कल पहिल्यांदाच केली. पाणी पिता पिता मृण्मयीला ठसका लागला.

अनसूयाबाई मात्र हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, कारण ते स्वस्थ राहत नव्हते. आच मोठी आहे, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. बेसन एकदम पडलंय, हेही कळलं. आता गुठळ्या होणार. दोनदा पायांनी उठायची तयारी केली आणि दोनदा त्यांनी पाय दाबले.

शेवटी दादासाहेब वळले. मिशीला बेसन लागलं होतं.

“ह्या सगळ्या येगयेगळं सांगत्यात. तू कसं करतीस?”

सगळ्या थांबल्या. अनसूयाबाईंच्या जिभेवर सगळं आलं, आच, पाणी, मीठ, आणि ढवळायचं कसं ते. त्यांनी ते गिळलं.

“मी न्हाई सांगणार,” त्या म्हणाल्या. “आज मी पाव्हणी हाय.”

कल्पनाताईंनी टाळी वाजवली. दादासाहेब पोट हलेपर्यंत हसले. त्या हसण्यात लाज होती, ती त्यांनी लपवली नाही. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “पाव्हणीला कुटं विचारायचं असतं?” आणि पातेल्याकडे वळून ढवळू लागले, जिभेला छत्तीस वर्षं माहीत असलेली चव आठवत, चाखत, मीठ टाकत, पुन्हा चाखत.

पिठलं झालं. जमेल तेवढ्या गुठळ्या फोडल्या होत्या. मापाचा प्रश्न होताच, ते साठ माणसांचं झालं होतं. कुशाबानं नवी पत्रावळ पुसली, सौरभनं गरम भाकरी ठेवली, आणि या खेपेला त्यानं दादांकडे चोरून बघितलं नाही.

दादासाहेब शेवटच्या पानासमोर आले. वाकले नाहीत, पुरते खाली बसले. वाढप्यानं बसायचं नसतं, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. ओगराळं भरलेलं होतं आणि तोंडात एकही ‘घ्या घ्या’ येत नव्हता.

“किती वाढू?” त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी पत्रावळीकडे बघितलं. उरेल ते, आणि उरेल तेवढं, असं जेवण त्या आयुष्यभर जेवल्या होत्या. किती, हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःलाही नाही. सगळी ओळ त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्याच्या मिशीवर बेसन होतं आणि डोळे भरलेले होते, आणि तो खरंच उत्तराची वाट बघत होता. त्यांना रडू आलं नाही. भूक लागली, सपाटून.

“वाढा,” त्या म्हणाल्या. “मी पुरे म्हणंस्तवर वाढा.”

त्यांनी एक ओगराळं वाढलं. मग दुसरं. तिसऱ्याला विमलमावशी हसू लागल्या, चौथ्याला तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला, भाकरी पार झाकून गेली आणि पिठलं पत्रावळीच्या कडेला आलं. दादासाहेब वाढत राहिले. अनसूयाबाई नवऱ्याकडे बघत होत्या आणि पुरे म्हणत नव्हत्या.